यसाबाईचं पाच तऱ्हांचं बी

शेतकी खात्यात चाकरी केलेल्या माणसानं दिवाळीच्या अंकात गमतीचे किस्से सांगावेत अशी अपेक्षा असते, आणि माझ्याकडे ते नाहीत असं नाही. पाखरं तोंड लावणार नाहीत पण माणसांना गोड लागेल असं ज्वारीचं बी मागायला एक गृहस्थ वडूजकडून तीन वर्षं नेमानं येत. तसं बी नसतं म्हटलं की ते माझ्याकडे संशयानं बघत. बी आहे, पण साहेब ते वशिल्याच्या माणसांना देतो, अशी त्यांची खात्री होती. तिसऱ्या वर्षी ते वशिला म्हणून आपल्या मेहुण्यालाच घेऊन आले.

पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या बाईंनी मला एकदा पत्र पाठवून बोलावून घेतलं. त्यांनी आपल्या बागेतल्या गडद तांबड्या डेलियाचं बी धरलं होतं. पुढल्या वर्षी त्यातून पिवळी, पांढरी, खुरटी, नाना तऱ्हेची फुलं आली. माळ्यानं बी बदललं असं ठरवून त्या त्याला काढून टाकणार होत्या. मी त्यांना सांगितलं, “बाई, गड्डा लावाल तर तेच फूल येईल. बी पेराल तर काय येईल ते डेलियालाही माहीत नाही.” मग तासभर बसून कागदावर आकृत्या काढून कारण समजावलं. बाईंनी चहा दिला, केक दिला आणि माळ्याची नोकरी राहिली. येताना मोटारीत मी स्वतःवर फार खूश होतो.

हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते मला समजत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

बाईंना जे सांगितलं तेच आधी इथं सांगतो. माझे वडील रहिमतपूरच्या पेठेत धान्याची पोती शिवत. त्यांना सही येत नव्हती. गावातल्या मास्तरांनी हट्ट धरला, साताऱ्याच्या वसतिगृहानं जेवू घातलं, आणि आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला झालो. पुण्यात शेतकीच्या वर्गात रंगसूत्रं शिकवली (आता मुलं त्यांना गुणसूत्रं म्हणतात), तेव्हा ती मला वडिलांच्या पोत्यांमुळे कळली.

ज्वारीच्या प्रत्येक पेशीत रंगसूत्रांच्या दहा जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. झाडाला पराग किंवा बीजांड तयार करायचं असतं तेव्हा या वीस सूत्रांची वाटणी होते आणि प्रत्येक परागाला जोडीतलं एकच, म्हणजे दहाच सूत्रं मिळतात. पण वाटणीआधी जोडीदार एकमेकांना बिलगतात, आणि दोन पोती एकाच उंचीवर कापून याचं तोंड त्याच्या बुडाला शिवावं तसे आपापले तुकडे अदलाबदल करून घेतात. मग वेगळे होतात. कोणत्या जोडीतलं कोणतं कुणीकडे जाईल याला नियम नाही. नुसत्या दहा जोड्यांच्या वाटण्या एक हजार चोवीस तऱ्हांनी होऊ शकतात. त्यात तुकड्यांची अदलाबदल धरली तर मोजायची सोयच उरत नाही. असा एक पराग आणि असंच एक बीजांड मिळून दाणा होतो. म्हणून दोन दाणे सहसा अगदी सारखे नसतात. या वाटणीला तेव्हा आम्ही इंग्रजी पुस्तकातलं मिओसिस हेच नाव घेत असू. आता तिला अर्धसूत्री विभाजन म्हणतात.

माझी नेमणूक माणदेशातल्या एका लहानशा सरकारी बीज केंद्रावर झाली. गावाचं नाव देत नाही. पाऊस बेभरवशाचा, जमीन बरी, पीक रब्बीची ज्वारी. वस्ती धनगरांची. एक-दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत ही माणसं वर्षातले आठ महिने मेंढरांमागे फिरत. आता निम्मं घर मेंढरांमागे आणि निम्मं शेतावर, अशी त्यांची राहणी झाली होती. जमीन पिकली तर मुक्काम, नाही तर पुन्हा वाट.

यसाबाई तिथली. पन्नाशीची, उंच, आवाज सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा. नवरा मेंढरांकडे असे. शेत ती आणि तिचा मोठा मुलगा बिरू बघत. तिच्या घरचं बी गावात नाणावलेलं होतं. ते धरायची रीत अशी: कापणीच्या आधी घरातल्या कर्त्या बाईनं अनवाणी शेतात जायचं, चारही बांधांकडून आणि मधून कणसं खुडून ओटीत घ्यायची, आणि ती पाच तऱ्हांची घ्यायची. घट्ट, मोकळं, मान वाकलेलं, लवकर पिकलेलं, उशिरा पिकलेलं. एकच तऱ्हा ओटीत भरली तर घराला बाधतं, असं म्हणत. ती कणसं वेगळी मळून, राखेत घोळून कणगीत ठेवायची.

माझ्या डोळ्यांना ती भेसळ दिसली. कुठं ताट डोक्याच्या वर, कुठं कमरेला. कुठं दाणा मोत्यासारखा, कुठं काळपट. आमचं काम याच्या नेमकं उलटं होतं. शेतातून चांगली कणसं निवडायची, प्रत्येकाचं बी वेगळ्या ओळीत पेरायचं, उत्तम ओळ ठेवायची, बाकीच्या काढून टाकायच्या. ज्वारी बहुतेक आपल्याच परागानं फळते, पण वाऱ्यावर शेजारचा पराग थोडाफार येतोच. तो येऊ नये म्हणून फुलण्याआधी कणसावर कागदाची पिशवी बांधायची. असं वर्षानुवर्षं केलं की जोडीतली दोन्ही सूत्रं एकसारखी होत जातात. मग झाडानं कशीही वाटणी केली तरी बी तसंच येतं. याला शुद्ध वाण म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी मी यसाबाईच्या शेतातून काही कणसं नेली. त्यातल्या एकाची ओळ फारच देखणी निघाली. बाकीच्या ओळी मी नापास केल्या आणि माझ्याच हुकमानं त्या हिरव्या कापून केंद्राच्या बैलांना घातल्या. पास झालेल्या ओळीवर सहा हंगाम पिशव्या बांधल्या. शेवटी बांधावर उभं राहिलं की दोरी लावल्यासारखी कणसं एका उंचीवर दिसत. मोठे साहेब पाहायला आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी ते पत्रानं वडिलांना कळवलं. पत्र वाचून दाखवणाऱ्याकडून त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं.

त्या नव्या ज्वारीचं कणीस घेऊन मी यसाबाईकडे गेलो. “मावशी, हे तुमच्याच शेतातलं.”

तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं. “आमच्यातलंच हाय. पर बाकीचं कुटं गेलं?”

“बाकीचं भेसळ होतं.”

“भेसळ व्हय,” ती म्हणाली. “बरं.”

बिरू मात्र खूश झाला. “आये, बग की कसलं टपोरं हाय! लय माल पडंल ह्येचा.”

“पेर की थोडं वरल्या पट्टीत. नको कोण म्हणतंय? पर घरचं बी हलवू नगंस.”

इथंच अडचण होती. नवं बी द्यायचं तर जुनं ताब्यात घ्यायचं असा आमचा दंडक होता. सगळ्या शिवारात एकच वाण हवा, नाही तर वाऱ्यानं पराग मिसळून शुद्धपणा जाणार. गावातल्या इतर सगळ्यांनी अदलाबदल केली. यसाबाई एकटी अडून बसली होती, आणि तिच्यामुळे माझा या गावचा अहवाल पुरा होत नव्हता.

भाद्रपदात ती भावाच्या घरी लग्नाची बोलणी करायला गेली. दुसऱ्या दिवशी बिरू कणगीतलं सगळं बी दोन पोत्यांत भरून, गाडीत घालून केंद्रावर हजर झाला.

“आईला विचारलंस?” मी म्हटलं.

“सायेब, ती म्हातारी मानसं. त्यास्नी काय कळतंय शास्त्रातलं? तुमी घ्या, मी बगतो तिचं काय ते.”

विचारलेलं नाही हे मला कळलं. मी पोती घेतली. सही केली. युद्धामुळे धान्याचा तुटवडा होता. गोळा झालेलं जुनं बी सरकारी कोठाराच्या गाड्यांवर त्याच दुपारी चढत असे. तेही चढलं आणि पिठाच्या वाटेला लागलं.

चौथ्या दिवशी यसाबाई आली. अंगणातूनच तिचा आवाज आला, “कुटं हायती ते शेतकीसायेब?” मी बाहेर आलो. ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही.

“माजी पोती ऱ्हाऊ द्या. त्यातलं अदुली-दोन अदुली द्या परत. पसाभर असलं तरी चालंल.”

“मावशी, ते गेलं कोठारात.”

ती पायरीवर बसली. मला वाटलं, आपण हिला समजावलं तर हिचं दुःख जाईल. मी आतून सूक्ष्मदर्शक आणला. कॉलेजातून जपून आणलेली एक काचपट्टी माझ्याकडे होती. तिच्यात ज्वारीच्या परागपेशी वाटणीच्या ऐन वेळी पकडून रंगवलेल्या होत्या. तिला डोळा लावायला सांगितलं.

“आगं बया, आळ्यावानी काय तरी हाय.”

“त्या अळ्या नाहीत. झाडाचे गुण त्यांच्यात असतात.” आणि मी तिला तिच्या भाषेत सांगितलं. दोघा भावांत मेंढरं वाटायची आहेत. जोडी-जोडीनं उभी केली, प्रत्येक जोडीतलं एक इकडे, एक तिकडे. कुठलं कुणाकडे जाईल ते नशिबावर. आणि वाटणीच्या आधी जोडीतली मेंढरं एकमेकांची लोकरसुद्धा थोडी थोडी बदलून घेतात.

ती हसली. मग थांबून म्हणाली, “म्हंजी दर कणसाची वाटणी न्यारी.”

“दर दाण्याचीसुद्धा. बरोब्बर.”

“आन दरसाली न्यारी.”

“हो.”

“मग सायेब, येकाच वाटणीवर समद्या घरानं का बसायचं? पाऊस काय दरसाली येक वाटंनं येतोय?”

तीस वर्षं मी हा प्रश्न डोक्यात घेऊन हिंडतो आहे. माझ्या प्राध्यापकांनी मला विचारायला हवा होता तो प्रश्न मेंढरं राखणाऱ्या बाईनं काचेत एकदा बघून विचारला. मी तिला काय म्हणालो? मी म्हणालो, “मावशी, सगळ्यांत चांगली वाटणी आम्ही निवडली आहे.”

पहिली दोन वर्षं माझ्या म्हणण्यासारखी गेली. पाऊस वेळेवर झाला, ज्वारी उठून दिसली. शेजारच्या दोन गावांनी आपापलं बी देऊन आमचं नेलं. यसाबाईनंसुद्धा मला जेवायला बोलावलं. भाकरी वाढताना म्हणाली, “लय गुणाचं हाय तुमचं बी. मी उगंच बोलले.” त्या वाक्यानं मला साहेबांच्या शाबासकीपेक्षा जास्त आनंद झाला.

स्वातंत्र्य मिळालं, आणि त्याच वर्षीच्या रब्बीला पेरणीनंतर पाऊस जो गेला तो आलाच नाही. ज्वारीचं कणीस पोटरीतून, म्हणजे वरच्या पानांच्या गुंडाळीतून, बाहेर पडलं, दाणा भरायला लागला, आणि जमीन फाटली. अशा वेळी ज्वारीवर खडखड्या येतो. मुळं कुजतात, ताट आतून पोकळ होतं. हलवलं की वाळल्या शेंगेसारखं वाजतं, आणि मग आडवं पडतं. रोग जुनाच होता. पूर्वीही पाण्याविना वर्ष गेलं की तो यायचा. पण तेव्हा लवकर पिकणारी कणसं त्याच्या तडाख्यातून आधीच निसटलेली असत, खोल मुळांची तग धरत, खुजी उभी राहत. निम्मं शेत पडे आणि निम्मं हाताला लागे. आता सगळी ताटं एका मापाची, एकाच आठवड्यात दाणा भरणारी, एकाच ठिकाणी कमजोर. आठ दिवसांत सगळं शिवार झोपलं. मी बांधावरून चालत गेलो. वारा आला की चारी बाजूंनी तो आवाज येई. एक शेत उभं असावं, निदान एक कोपरा, म्हणून मी तिन्ही गावं पायांखाली घातली. जिथं जिथं माझं बी पोचलं होतं तिथं तिथं ज्वारी आडवी होती. माझं काम मी फार नीट केलं होतं.

मग मी जुनं बी शोधत फिरलो. कणग्या, मडकी, शिंकाळी, जात्याखालची बोचकी. बाया काढून काढून दाखवत, आणि मी तळहातावर घेतलं की ते माझंच असे. एका म्हातारीनं मोठ्या विश्वासानं पुरचुंडी सोडली. दहा-बारा वर्षांपूर्वीचं जुनं बी होतं खरं, पण किड्यांनी आतून खाल्लेलं. नुसती टरफलं उरली होती.

माघाच्या शेवटी यसाबाई केंद्रावर आली. बिरू मागं उभा होता, मान खाली घालून. त्यानं पोती आणली त्या दिवसापासून आईनं त्याला एकदाही बोल लावला नव्हता, असं तो मला म्हणाला होता. तेच त्याला सोसत नव्हतं.

“सायेब,” ती म्हणाली, “तुमी तवा काचंत दावलं. दरसाली वाटणी न्यारी व्हती म्हनलासा. मग ह्यातनंच परत आमचं जुनं निघंल का? चार साल लागू देत, धा लागू देत. मी निवडीन. निघंल म्हना, म्हंजी आमी जिमिनीवर ऱ्हातो. न्हाई तर आमचं मालक म्हनत्यात, बिऱ्हाड घोड्यावर घाला आन मेंढरामागं चला. नातवाला औंदा साळंत घातलाय.”

मी तिला चार दिवसांनी या म्हटलं. केंद्राच्या विहिरीवर चाऱ्यासाठी पेरलेली त्याच वाणाची ज्वारी पोटरीत आली होती. कोवळी कणसं काढली, रंगात बुडवली, काचेवर दाबली आणि दोन दिवस बघत बसलो. का बघत होतो ते सांगता येत नाही, कारण उत्तर मला पाठ होतं. काचेखाली सगळं यथासांग चाललं होतं. दहा जोड्या जुळत होत्या, जोडीदार एकमेकांना बिलगत होते, तुकडे बदलत होते, दोन टोकांना जात होते. काम प्रामाणिक होतं. पण जोडीतली दोन्ही सूत्रं सारखीच, तर अदलाबदल करून मिळणार काय? पिसायला पत्ते आहेत, पण सगळा कॅट बदामच्या राजांचा. वेगळेपण जोडीत असेल तरच ती वाटणी त्यातून नवं काढू शकते; ते मी सहा वर्षं पिशव्या बांधून काढून टाकलं होतं.

यसाबाई ठरल्या दिवशी आली. मी तिला बसवलं आणि सांगितलं, “नाही निघणार, मावशी. लाखांत एखादा दाणा आपोआप बदलतो. पण तुमचं जुनं आता यातून येणार नाही. दोन्ही भावांकडे एकाच रंगाची मेंढरं आहेत. कशीही वाटली तरी तीच.”

“बरं केलंसा खरं सांगितलंसा,” ती म्हणाली. बिरू रडायला लागला. “गप रं,” ती त्याला म्हणाली. “मरतंय का कोन?”

मी मोठ्या साहेबांना अहवाल लिहिला, की प्रत्येक गावात थोडं शेत जुन्या मिसळ बियाचं राखावं, आणि जिथं ते अजून शिल्लक असेल तिथं आमचं बी नेऊ नये. साहेबांनी मला बोलावून समजुतीच्या सुरात विचारलं, “अहो, स्वतःच्याच वाणाविरुद्ध कुणी लिहितं का? एक वर्ष वाईट गेलं. तुमचं नाव वर पाठवलंय.” अहवाल त्यांनी माझ्या हातात परत दिला. पुढल्या हंगामात ते बी आणखी पुढच्या तालुक्यात गेलं, आणि मला सांगलीकडे बढती मिळाली. मी ती घेतली. घरी वडील होते, दोन बहिणी होत्या. पण तेही कारण पुढे करायला मन धजत नाही.

निघायच्या आधी मी यसाबाईच्या वस्तीवर गेलो. घराला कडी लावलेली, घोड्यावर बिऱ्हाड चढलेलं, मेंढरं वाटेला लागलेली. नातू घोड्यावर बसला होता. यसाबाईनं मला बघितलं आणि ती थांबली.

“येक इचारू का सायेब? राग न्हाई. त्या वक्ताला आमच्या येवढ्या रानातनं तुमी त्येच कणीस का निवडलंसा? त्येच्यात काय बगितलंसा?”

नियम असा होता की सगळं शेत आडवं-उभं फिरून दोनशे कणसं निवडायची. नोकरीचा माझा पहिला महिना होता, ऊन कडक होतं, आणि म्हसवडची मोटार गाठायची होती. मी बांधाच्या कडेनं चालत गेलो आणि हाताला येतील ती बारा-तेरा कणसं खुडली. अहवालात दोनशे लिहिली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. पदर सावरला, काठी उचलली.

“म्हंजी रान तुमी बगितलंच न्हाई,” ती म्हणाली, आणि मेंढरांमागं चालू लागली.